चिंचरवाडीचं लाकूड

रहमतुल्लाने बाभळीची दोन लाकडं उचलून एकमेकांवर आपटली. खणखणीत आवाज आला. ती त्याने डावीकडे टाकली. पुढची जोडी आपटली तर आवाज दबका निघाला, ओल्या मातीवर काठी मारल्यासारखा. त्याने कापलेल्या टोकावर चिरा पडल्यात का ते अंगठ्याने चाचपलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि दोन्ही उजवीकडे भिरकावली. उजवीकडचा ढीग परत जायचा. लाकडाचा ठेकेदार बद्रीनाथ यावर रोज कुरकुरायचा, पण रहमतुल्लाने नाकारलेलं लाकूड आल्या गाडीनेच माघारी जातं, हा त्या जिनिंग फॅक्टरीचा रिवाजच होऊन बसला होता.

तीन महिन्यांपासून जालन्याच्या स्टेशनात कोळशाची वाघीण आली नव्हती. निजामाचं आणि दिल्लीचं बिनसलं होतं, सरहद्दीवर माल अडत होता, आणि चैत्र लागला तरी आवारातल्या कापसाच्या गंज्या हलल्या नव्हत्या. कोळशाचं बॉयलर आता लाकडावर चालवावं लागत होतं. गावातल्या इतर भट्ट्या दिवसाला चार गाड्या लाकूड खात आणि काळा धूर ओकत. रहमतुल्लाची भट्टी अडीच गाड्यांत भागवायची. तिच्या धुराड्याच्या तोंडाशी भर दुपारी नुसती हवा थरथरताना दिसायची. त्यात गुपित काही नव्हतं. लाकूड वाळलेलं हवं. मनगटाएवढं खाली, मांडीएवढं वर, दोन लाकडांत दोन बोटांची फट, आणि भट्टीचं दार उघडायचं ते दोन श्वासांपुरतं. सात वर्षांत त्याने हे सगळं पुंजारामच्या हातात उतरवलं होतं. पुंजाराम आता तिशी ओलांडलेला गडी होता आणि वाफेच्या काट्याकडे न बघता काटा कुठे आहे ते सांगायचा.

त्या सकाळची तिसरी गाडी आत आली ती मात्र बद्रीनाथच्या नेहमीच्या गाड्यांपैकी नव्हती. ती कचरू नावाचा एक म्हातारा शेतकरी हाकत होता. त्याचं मुंडासं गेलेलं होतं आणि एक कान रक्ताने काळा झाला होता. गाडीच्या दोन्ही बाजूंनी तीन रझाकार चालत होते. दोघांच्या कमरेला तलवारी होत्या. तिसऱ्याच्या खांद्यावर ठासणीची बंदूक होती. तो तिसरा म्हणजे याकूब, रहमतुल्लाचा एकुलता एक मुलगा. गेले चार दिवस तो घरी आला नव्हता.

त्याने बापाला लांबूनच सलाम केला. तलवारवाले दोघे बद्रीनाथला शोधत कचेरीच्या ओसरीकडे गेले. याकूब रांजणाशी जाऊन पाणी प्यायला, परत येऊन लाकडाच्या ढिगावर बसला आणि बंदूक मांडीवर घेतली.

रहमतुल्ला गाडीशी गेला. हे जंगलातून तोडलेलं लाकूड नव्हतं. घरांच्या तुळया होत्या, एकीला चुलीवरची काजळी अजून ओलसर चिकटलेली. एक नांगर होता, वखराचं खोड होतं, खुंट्यांसकट उपटलेल्या फळ्या होत्या. सगळ्यांच्या वर दोन झडपांचं सागवानी दार उलटं पडलं होतं. रहमतुल्लाने एक झडप सुलटी केली आणि तिथेच थांबला.

झडपेवर छातीएवढ्या उंचीला जळाल्याच्या काळ्या खुणा होत्या, एकीशेजारी एक, नखाच्या आकाराच्या. त्या त्याच्याच हातच्या होत्या. हे दार पूर्वी बॉयलरच्या खोलीला होतं. निखारे ओढायची लांब लोखंडी आकडी तो तापलेलीच त्या दाराला टेकवून ठेवायचा. पाच वर्षांपूर्वी खोलीला लोखंडी दार बसलं, तेव्हा पुंजारामने बहिणीच्या नव्या घरासाठी जुनं मागितलं होतं. मॅनेजर रामराव देईना, म्हणून रहमतुल्लानेच शब्द खर्ची घातला होता. पुंजारामची बहीण उषाबाई चार कोसांवरच्या चिंचरवाडीत मच्छिंद्रला दिलेली होती.

झडपेच्या खालच्या अंगाला तपकिरी शिंतोडे होते. ते गेरूचे नव्हते.

ठाऊक असूनही त्याने कचरूला गाव विचारलं. कचरूने बैलाच्या पाठीवरून हात न काढता सांगितलं, चिंचरवाडी.

पुंजाराम तेव्हा भट्टीच्या मागून राख उपसत होता. रहमतुल्ला आत गेला आणि विहिरीवरच्या पंपाचा पट्टा सरकतोय, जाऊन बघून ये, असं त्याला म्हणाला. आवाज नेहमीसारखा निघाला. पुंजाराम हात पुसत मागच्या वाटेने गेला.

मग रहमतुल्लाने घाई केली. पहिली झडप त्याने आत ओढली आणि कुऱ्हाडीने उभी फोडली. आधी खिळे काढले, कारण लोखंड भट्टीच्या जाळीत अडकून बसतं. सवयीने हात चालत होते. फळ्या त्याने आत मांडल्या, दोन बोटांची फट ठेवून. चाळीस वर्षांचं वाळलेलं सागवान क्षणात पेटलं. वाफेचा काटा वर सरकला. पलीकडच्या दालनात सरकी काढणाऱ्या रेच्यांची घरघर चढली, त्यांवर कापूस घालणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं असेल. दुसरी झडप त्याने उंबऱ्याच्या आत घेतली, कुऱ्हाड उचलली, आणि पुंजाराम दारात उभा होता. पंपाचा पट्टा ठीकच होता.

पुंजाराम झडपेकडे बघत राहिला.  तो बाहेर गाडीपाशी गेला. पुंजारामचा आवाज रहमतुल्लाला तिथून ऐकू येत नव्हता, कचरूचे शब्द तेवढे तुटक तुटक कानावर येत होते. कचरू सांगत होता की काल तिसऱ्या प्रहरी वीस-पंचवीस जण आले. गडी शिवारात पळाले. मच्छिंद्र पळाला नाही. बायको आत होती, म्हणून तो दार ओढून दारासमोर कोयता घेऊन उभा राहिला. त्यांनी त्याला बाजूला हो म्हणून सांगितलं. त्याने एकाचा हात तोडला, तेव्हा त्याला गोळी घातली, आणि मग तलवारींनी, तो पडल्यावरही बराच वेळ. उषाबाई जित्ती हाय, असं कचरू दोनदा म्हणाला. गोळी कुणाची, असं पुंजारामने विचारलं असावं. कचरूची नजर लाकडाच्या ढिगाकडे गेली आणि लगेच बैलावर परत आली.

पुंजाराम आत आला. त्याने भट्टीचं दार उघडलं आणि निखाऱ्यांत रुतलेली आकडी ओढून काढली. तिचं टोक हातभर लाल झालं होतं. रहमतुल्ला आडवा आला, त्याला त्याने खांद्याने भिंतीवर ढकललं. मग तो बाहेर पडला, ओरडला नाही, पळालाही नाही, शेतात बांधावरून चालावं तसा सरळ याकूबकडे चालत गेला.

याकूबने त्याला दहा पावलांवर बघितलं. तो उठला, बंदूक खांद्याला लावली. एवढ्या जवळून नवख्या हातांनाही नेम साधतो. पुंजारामने आकडी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

रहमतुल्ला पळत आला तेव्हा त्याच्या हातात बाभळीचं लाकूड होतं. ते कधी उचललं हे त्याला नंतरही आठवलं नाही. त्याने ते मागून पुंजारामच्या उजव्या हातावर घातलं, सगळा जीव एकवटून. हाड मोडल्याचा आवाज सुक्या फांदीसारखा आला. पुंजाराम कलला, त्याच क्षणी बार उडाला, आणि गोळी त्याच्या डोक्यावरून जाऊन छपराच्या पत्र्यात घुसली. आकडी धुळीत पडून चरचरली.

तलवारवाले धावत आले. एकाने पडलेल्या पुंजारामच्या तोंडावर बूट मारला. दुसऱ्याने तलवार उपसली. रहमतुल्ला पुंजारामच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाय देऊन उभा राहिला.

"मेरा आदमी है," तो म्हणाला. "मैं देखता."

ते दोघे हसले. बड्या मियाँनी बराबर काम केलं म्हणाले, एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि पुन्हा ओसरीवर निघून गेले. याकूब जागच्या जागी उभा होता. त्याने बापाला हाक मारली, ती लहानपणी ताप आल्यावर मारायचा तशी.

"कल गोली किसने चलाई?" रहमतुल्लाने विचारलं.

"दरवाजे से हटा नहीं वो."

रहमतुल्लाच्या हातातलं लाकूड वर गेलं. याकूब मागे सरकला, गाडीच्या चाकाला अडखळला आणि बसला. बंदूक रिकामी होती. त्याने तोंडावर हात घेतला. लाकूड काही क्षण हवेत तसंच राहिलं, मग रहमतुल्लाने ते खाली टाकलं.

"घर को मत आ," तो म्हणाला आणि वळला.

त्याने धुळीतली आकडी उचलली, आत गेला, भट्टीचं दार सताड उघडलं आणि विस्तव बाहेर ओढायला सुरुवात केली. निखाऱ्यांचे ढीग फरशीवर सांडले. त्याच्या दाढीचे केस करपले, सदऱ्याच्या बाहीला भोकं पडली, तरी तो ओढत राहिला, जाळी काळी दिसेपर्यंत. वर काटा उतरू लागला. पलीकडचे रेचे एकामागून एक मंदावले आणि थांबले. भट्टी पेटल्यापासून कधी नव्हे ती इतकी शांतता झाली की आवारातली कावळ्यांची कावकाव आत ऐकू आली.

रामराव धापा टाकत आला. त्याने फरशीवरचा विस्तव बघितला, बाहेर कचरूने उठवून बसवलेला पुंजाराम बघितला, मग गाडीतलं लाकूड बघितलं.

"काय झालं?"

"ओलं हाय," रहमतुल्ला म्हणाला. "ही गाडी घेत न्हाई मी."

रामरावने गाडीतल्या एका तुळईवर बोटाच्या पेराने टकटक केलं. ती घंटेसारखी वाजली. त्याने ओसरीकडे नजर टाकली. ओसरीवर तिघांना चहा आला होता, याकूबने कप हातात नुसता धरला होता.

"ओलंच दिसतंय," रामराव म्हणाला. "आली तशी परत जाऊ द्या."

रहमतुल्लाने उरलेली झडप गाडीत चढवली. बाभळीच्या दोन सरळ चिरफळ्या घेऊन आपल्या खांद्यावरच्या कपड्याने त्याने पुंजारामचा हात बांधला. पुंजारामने बांधू दिला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. ओठ फाटून त्याचं तोंड सुजलं होतं. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही. मुसलमान फायरमन नाकारलेलं लाकूड परत घेऊन चालला होता, एवढंच फाटकावरच्या पठाणाला दिसलं.

चिंचरवाडीकडे जाणाऱ्या मंठ्याच्या वाटेवर ऊन चढलं होतं. कचरू पुढे बसून बैल हाकत होता. पुंजाराम तुळयांवर बसला होता. प्रत्येक खड्ड्याला त्याच्या घशातून एक आवाज निघायचा आणि तो दात आवळायचा. रहमतुल्ला मागून चालत होता.  दोन कोसांवर एका ओढ्यापाशी बैलांना पाणी पाजायला गाडी थांबली, तेव्हा पुंजाराम म्हणाला,

"कुणाला वाचवलं तुमी? मला का त्याला?"

रहमतुल्लाने ओढ्याचं पाणी करपलेल्या दाढीवर मारलं.

"बघायला टाइम न्हवता, पुंजा," तो म्हणाला.

चिंचरवाडीत पोचले तेव्हा दिवस कलला होता. गावात दारं नव्हती. काही घरांना छपरंही नव्हती, भिंती तेवढ्या उभ्या होत्या. रस्त्यावर एक मेलेलं वासरू फुगून पडलं होतं. गाडी बघताच एक म्हातारी घरात पळाली, आणि मग कचरूला ओळखून पुन्हा बाहेर आली. उषाबाई कुठाय म्हणून पुंजारामने विचारलं. म्हातारीने नदीकडे हात केला.

मच्छिंद्रला सकाळीच नेलं होतं. भावकीतल्या एका वृद्धाने अग्नी दिला होता. पण गावात जळण राहिलं नव्हतं. होतं नव्हतं ते लाकूड बाकीच्या गाड्या भरून कुठे कुठे गेलं होतं. मग म्हाताऱ्यांनी शेतातून पऱ्हाट्या उपटून आणल्या होत्या. कापसाच्या वाळल्या काड्या भडभड पेटतात आणि घडीभरात विझतात. रहमतुल्लाला हे सांगावं लागलं नाही. नदीच्या काठावर पोचायच्या आधी त्याला वासावरून कळलं.

उषाबाई तिथे एकटी बसली होती. तिच्या हातात काठी होती आणि पंधरा हातांवर तीन कुत्री बसली होती. ती दुपारपासून त्यांना हाकलत होती. तिचा आवाज पार बसला होता. भाऊ गाडीतून उतरला तेव्हा ती उठली नाही. त्याच्या बांधलेल्या हाताकडे, सुजलेल्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा कुत्र्यांकडे नजर लावली.

"जळंनात ते," ती म्हणाली. "लाकूड न्हाई."

पुंजाराम तिच्याशेजारी खाली बसला. त्याचा धड हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला.

रहमतुल्लाने वहाणा काढल्या. त्याने कचरूला सांगितलं, दोन म्हातारे बोलाव, जमतील तेवढी माणसं बोलाव. कचरू गेला. तोवर त्याने गाडी रिकामी करायला घेतली. काजळी धरलेली तुळई त्याने कुऱ्हाडीने दोन केली. नांगर फोडला. बारीक फळ्या वेगळ्या, जाड लाकडं वेगळी लावली. खिळे काढायला लागला आणि थांबला, इथे जाळी नव्हती. मग जे अर्धवट जळून काळं होऊन पडलं होतं त्याच्याजवळ तो गेला. आजवर त्याने किती लाकूड जाळलं असेल याचा हिशेब नव्हता, पण माणसाखाली लाकूड लावायची ही पहिलीच वेळ होती.  तो वाकला.

म्हातारे आले. देह त्यांनी उचलून धरला आणि रहमतुल्लाने खाली लाकडं सारली, दोन्ही बाजूंनी. वाऱ्याच्या अंगाने तो बारीक फळ्या लावू लागला.

"तिकडून न्हाई, चाचा," मागून पुंजाराम म्हणाला. "वारा फिरलाय. पल्याडून लावा."

रहमतुल्लाने वळून बघितलं नाही. त्याने फळ्या काढल्या आणि पलीकडून लावल्या.

शेवटी गाडीत झडप उरली. ती त्याने उषाबाईसमोर आणून उभी धरली. ही तुमची, दुसरी नाही राहिली, असं काहीतरी तो म्हणाला. तिने झडपेवरच्या काळ्या खुणांवरून एकदा बोट फिरवलं.

"दार कशाला आता," ती म्हणाली. "घाला तेबी."

पुंजारामने डाव्या हाताने अग्नी दिला. या वेळी आगीने धरलं. आधी फळ्या, मग तुळया, मग आतून एक जाड, संथ घोंघाट सुरू झाला, तो ऐकून रहमतुल्लाला कळलं की आता ही सकाळपर्यंत खाली बसणार नाही. कुत्री उठून निघून गेली. म्हातारे बाजूला झाडाखाली जाऊन बसले. पुंजारामला ग्लानी आली होती, कचरूने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

उषाबाई रहमतुल्लापासून चार हातांवर बसली होती.  तिने विचारलं,

"तुमीच रहमतचाचा? दार दिलेले?"

"हो."

"पोरं किती तुमाला?"

"एक. ल्योक."

"काय करतो?"

रहमतुल्लाने करपलेल्या दाढीवरून हात फिरवला. खोटं बोलायला त्याला अडचण नव्हती. त्या वीस-पंचवीस जणांत याकूब कोण हे तिला ठाऊक नव्हतं, पुंजाराम बेशुद्धीत होता, आणि कचरू बोलला नसता.

"काल हितं आल्ता," तो म्हणाला. "बंदूक त्याचीच व्हती."

उषाबाईची मान वळली नाही. तिच्या हातातली काठी तिने मांडीवर आडवी घेतली, दोन्ही मुठींत आवळली. तिच्या मनगटांवर फुटलेल्या बांगड्यांचे ओरखडे होते, त्यातल्या एकातून पुन्हा रक्त आलं.  रहमतुल्ला डोकं खाली घालून बसला होता, मान उघडी.

चितेतून एक लाकूड घसरून बाहेर आलं आणि वाळूत धुमसू लागलं. ती उठली. काठीने तिने ते लाकूड जवळ ओढलं, न पेटलेल्या बाजूने उचललं आणि आगीकडे दोन पावलं गेली. धग तिला सोसेना. ती माघारी आली. काही वेळ ती लाकूड हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिली.

मग तिने ते त्याच्यापुढे केलं.

रहमतुल्ला उठला. त्याने ते घेतलं, धगीत शिरला, आणि जिथे आग कमी पडत होती तिथे ठेवलं.